दोनच्या गजराला तुम्ही नसताना

तुम्ही गेलात त्या दिवशी प्रत्येकानं मला विचारलं, शेवटचं बोलणं काय झालं? मी सांगितलं, "जेवून निघाले." ते अर्धंच खरं आहे. तुम्ही चपला घालता घालता म्हणालात, "अगे, ते खोकं उघडून तरी बघ," आणि मी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं नाही. ऐकू आलं होतं.

हे मी देवनागरीत लिहितेय. तंजावरात आपल्यासारखी मराठी बोलणारी घरं आहेत, वाचणारी फार थोडी. आपल्या लेकीला, चित्राला, ही लिपी येत नाही, तुमच्या थोरल्या बहिणीला, आक्कांनाही नाही. तुम्ही बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचात आणि दुसऱ्या ओळीला "पोदुम, पुरे, तूच सांग" म्हणून कागद परत द्यायचात. म्हणून सांगतेच.

मला रात्रीची भीती वाटते. लहान मुलाला वाटते तशी, दिवे लागले की सुरू होणारी. शाळेच्या कार्यालयात दिवसभर चाळीस माणसांची कामं लावून देणारी मी, संध्याकाळी सहा वाजले की घड्याळाकडे बघायला लागते. तीन वर्षांपूर्वी माझं मोठं आतडं काढलं. लहान आतड्याचं टोक पोटावर, बेंबीच्या उजवीकडे आणून शिवलं आणि त्यावर पिशवी आली. दिवसा तिचं काही वाटत नाही. भरत आली की कळतं, उठायचं, रिकामी करायची, हात धुवायचे. पण त्या टोकाला आवरून धरणारा स्नायू नाही आणि त्याला रात्र झाल्याचं कळत नाही. मी झोपते, ते वाहतं. पिशवी फुगते, जड होते, आणि मी नको त्या कुशीवर वळले तर कड सुटते.

म्हणून आपण पद्धत बसवली होती. जेवणाआधी अर्धा तास डॉक्टरांनी दिलेली गोळी. साडेसहाला जेवण, नंतर काही नाही. रात्री कांदा, कोबी, सांबार नाही. दहीभात, नाहीतर उकडलेला बटाटा, वर एक केळं, म्हणजे येणारं घट्ट येतं. साडेनऊला पिशवी रिकामी. गादीवर मेणकापड, त्यावर जुनी चादर. उशाशी पिशवी पोटाला चिकटवायची कापून ठेवलेली चकती, नवी पिशवी, ओले रुमाल, टॉर्च, बाटली. गजर दोनला आणि पाचला. ही सगळी यादी माझी. गजराआधी जागे व्हायचात मात्र तुम्ही. मला न उठवता हाताची पालथी बाजू पिशवीवर ठेवायचात, पाण्याचं दार किती उघडायचं ते आयुष्यभर अंदाजानं ठरवलेला पाटबंधारे खात्यातला माणूस, आणि म्हणायचात, "सुभद्रे, ऊठ. मेट्टूर भरलं."

मी चिडायचे. धरणाचं नाव माझ्या पोटाला! पण त्या शब्दानं मोरीपर्यंत जायला बळ यायचं, हे कधी बोलले नाही.

इस्पितळातून घरी आल्यावर आठव्या रात्री पहिल्यांदा गळलं. कुशीला गरम, ओलं लागलं. मी उठून बसले आणि दिवा लावला नाही. वाटलं, अंधार आहे तोवर हे झालेलं नाही. दिवा तुम्ही लावलात. "हलू नकोस," म्हणालात आणि टॉवेल लावून धरलात. मी आंघोळ करून येईपर्यंत तुम्ही चादर घासून गच्चीवर वाळत टाकली होती. शेजारच्या मामी सडा घालायला बाहेर आल्या होत्या.

"काय सार, एवढ्या पहाटे धुणं?"

"कॉफी सांडली, मामी."

"पलंगावर?"

"काय करणार? हिला आता कॉफी पलंगावर लागते."

तेव्हापासून मामींच्या लेखी मी पलंगावर कॉफी पिणारी राणी आहे. कॉफीनं पिशवी भराभर भरते, म्हणून मी ऑपरेशनपासून ती प्यायलेच नाही. त्या पहाटे मी मोरीत बसून हसले, मग रडले. तुम्हाला रडल्याचं कळलं, हसल्याचं नाही.

मग तो वेगळ्या पलंगाचा वाद. मी म्हणायची, मी मधल्या खोलीत झोपते. तुम्ही म्हणायचात, का? मी म्हणायची, तुमच्यावर सांडलं तर? तुम्ही म्हणायचात, तर मी धुवेन, मला काय साखरेचा केलाय? दर महिन्याला हा वाद एकदा व्हायचा आणि दर वेळी मी मनातल्या मनात घाबरून असायची की एखाद्या वेळी तुम्ही "सरि, बरं, झोप तिकडे" म्हणाल.

त्या खोक्याचं म्हणूनच इतकं लागलं. तुम्ही न विचारता घेऊन आलात, टेबलावर ठेवलंत.

"हे काय?"

"रात्रीची मोठी पिशवी. आपल्या पिशवीला नळी जोडायची, ही पलंगाखाली लटकवायची. दोन लिटर मावतं. मधे उठायला नको."

"कुणाला उठायला नको? मला की तुम्हाला?"

"दोघांना."

"मी खुंटीला बांधलेलं वासरू नाही."

"मेट्टूरलासुद्धा खाली कालवा लागतो, सुभद्रे."

"विनोद नकोत. थकलात तर थकलो म्हणा."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "थकलो नाही," म्हणालात. पण लगेच म्हणाला नाहीत, मधे थोडा वेळ गेला, आणि मी त्या वेळाचा अर्थ लावून टाकला. खोकं कपाटावर गेलं. चार दिवस आपण कामापुरतं बोललो. पाचव्या दिवशी दुपारी पापनाशमच्या बसथांब्यावर तुम्ही बाकावर बसलात आणि उठला नाहीत.

आता मी त्या अर्थाकडे परत परत जाते. जिना चढताना तुम्ही मधे थांबायला लागला होतात. वर येऊन म्हणायचात, "कबुतरं बघत होतो." मी माझ्या वहीत रोज लिहायची: किती वाजता, किती आलं, पातळ की घट्ट, काय खाल्लं होतं. कबुतरांची नोंद केली नाही. तुम्हाला छातीतलं काही कळलं होतं का? आपल्यानंतर हिला रात्री कोण उठवणार, म्हणून ती पिशवी आणलीत का? की खरंच एक रात्र सलग झोपायचं होतं, एवढंच? तीन वर्षं, रोज दोनदा. मी गुणाकार मांडला आणि पान फाडून टाकलं. डॉक्टरांना विचारलं, माझ्या रात्रींनी त्यांचं हृदय झिजलं का? ते म्हणाले, "मी तसा संबंध जोडणार नाही." मी विचारलं, "म्हणजे संबंध नाही, की माहीत नाही?" त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

तुम्ही गेल्यानंतरचे दहा दिवस सांगायला हवेत. त्यात मी एक मोठी चूक केली आणि ती तुमच्या नावानं केली.

ओरत्तनाडूहून आक्का आल्या आणि तासाभरात घराची किल्ली त्यांच्या कमरेला गेली. दहा दिवस सुतक, दुपारी एकदाच जेवण, तेही अळणी. मिठाची बरणी त्यांनी कागदात गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. माझ्या पिशवीचं घरात फक्त तुम्हाला आणि चित्राला माहीत. बाकी सगळ्यांना "पोटाचं ऑपरेशन". आक्का सोवळ्याच्या कडक. कळलं तर माझ्या हातचं जेवणार नाहीत, ही माझी तीन वर्षांची धास्ती.

चित्रानं दुसऱ्या दिवशी मला गाठलं. "आई, उप्पु? मीठ बंद करून चालेल तुला?"

"दहाच दिवस. बाबांसाठी."

"बाबा तर रोज मीठच घालून द्यायचे!"

घालून द्यायचात. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, ती निळ्या बुचाची बाटली रोज संध्याकाळी तुम्ही भरायचात. माझ्या यादीत फक्त "बाटली" एवढंच होतं. मोठं आतडं नसलं की शरीरातलं मीठ पिशवीवाटे निघून जातं, ते भरून काढावं लागतं, हे मला सांगितलं होतं, पण तो तुमच्याकडचा विभाग म्हणून मी डोक्यात ठेवलं नव्हतं. आणि खरं सांगते, त्या खोक्याचं प्रायश्चित्त म्हणूनही मला काहीतरी कडक पाळायचं होतं. मीठ नाही तर भरपूर पाणी पिऊ, असा हिशेब केला. भेटायला येणारे शहाळी आणत होते, तीही प्यायले.

रात्री आम्ही बायका माजघरात ओळीनं चटया टाकून निजायचो. मी मोरीच्या दाराशी. गजर लावता येईना, म्हणून फोन नुसता थरथरेल असा करून उशीखाली. पण झोप कुठली? पिशवीत वारा सुटून आवाज आला की मी खोकायचे. शेजारी आक्का. मधे दीड हात अंतर. ती चटई भिजली तर, एवढीच गोष्ट मी तीन रात्री डोळे उघडे ठेवून बघत होते.

तिसऱ्या रात्री पाण्यासारखं सुरू झालं. बाराला रिकामी केली, एकला, पावणेदोनला, सव्वादोनला. पोटऱ्यांत गोळे आले. जीभ टाळूला चिकटली, म्हणून तांब्याभर पाणी प्यायले. जितकं प्यायले तितकं, जास्तच, पिशवीत आलं. पाणी दरवाज्यातून येतंय आणि मागच्या दारानं घर धुऊन नेतंय, तसं. पहाटे मोरीच्या उंबऱ्यावर भिंत तिरकी झाली आणि मी खाली बसले ती आडवीच झाले. पिशवीचं खालचं तोंड उघडं होतं.

डोळे उघडले तर आक्का. त्यांचं मराठी आपल्या आज्यांचं, तुम्ही नक्कल करायचात ते.

"सुभद्रे! अगे, काय जाहलें? हें काय पोटास?"

पदर सरकला होता. झाकायला हात उचलेना. "पिशवी आहे, आक्का. शी त्यातूनच होते."

"केव्हांपासून?"

"तीन वर्षं."

"त्यास ठाऊक होतें?"

"तेच बघायचे."

"मज काय म्हणून सांगितलें नाहींस?"

"तुम्ही माझ्या हातचं जेवणार नाही म्हणून."

त्यांनी माझा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तीन वर्षें जेवितेंच आहें. मेलें का?"

चित्रा धावत आली. "आत्या, तिला मीठ द्या! आधी मीठ!"

"दहावा व्हावयाचा आहे," आक्का म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात, विचार न करता. मग मला त्यांचे पाय आत जाताना दिसले, आणि वरच्या फळीवरून कागद चुरगळल्याचा आवाज आला. तांदळाची पातळ कंजी घेऊन आल्या, त्यात माझ्या देखत मीठ घातलं आणि चमच्यानं भरवायला लागल्या.

"शास्त्र त्याच्यासाठीं करितों. त्यानें तीन वर्षें जें राखिलें तें मी तीन दिवसांत घालवूं? तोंड उघड."

माझी अर्धी वाटी झाल्यावर त्यांनी बरणीतली चिमूट आपल्या जिभेवर टाकली. चित्रा म्हणाली, "आत्या, हे काय?"

"पाप लागलें तर अर्धें माझें," म्हणाल्या आणि रिक्षा बोलवायला सांगितली. दवाखान्यात सलाइनच्या दोन बाटल्या लागल्या. त्यानंतर दहाव्यापर्यंत आक्कांनी माझी बाटली स्वतः भरली, चित्राच्या फोनवर माप बघून, आणि माझ्या हातचं नाही, पण माझ्याबरोबर जेवल्या. म्हणजे स्वयंपाक त्यांनीच केला. माझा त्यांना कधीच आवडत नव्हता, त्याचा पिशवीशी संबंध नव्हता.

खोक्याचं सांगायचं राहिलं. ते चित्रानं उघडलं, दवाखान्यातून आल्या रात्रीच. येणारं अजून पातळ होतं, नळीतून सरळ खाली गेलं, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मी चार तास झोपले. जाग आल्यावर तुम्हाला सांगायला वळले. पण पुढच्या आठवड्यात घट्ट यायला लागल्यावर नळी तुंबली, वरची पिशवी टम्म फुगली आणि थोडक्यात वाचलं. तेव्हा अर्धा वाद तुमचा, अर्धा माझा. पातळ दिवसाला नळी, घट्ट दिवसाला गजर. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, म्हणजे बरोबर मीच. आणि मी ऐकून घेतलं असतं, असं आता म्हणणं सोपं आहे.

तेराव्यानंतर चित्रानं बॅग भरली, माझीही. "बेंगळूरूला चल. इथं रात्री पडलीस तर कुणाला कळणार?"

"नोकरी आहे माझी. घर आहे."

"घर काय उठवणार आहे तुला दोनला?"

बरंच भांडून एक महिना ठरला. एक महिना मी एकटी राहून बघायचं, आणि एकही रात्र बिघडली तर तिनं येऊन मला न्यायचं. तिथं तिच्या घरात दोघं नोकरीवाले, दुसऱ्याच्या मोरीच्या वेळा, आणि मी पलंगाच्या कडेला पाहुणी. मी होय म्हटलं, पण मनात हे पक्कं होतं की काहीही झालं तरी तिला "बरी गेली" असंच सांगायचं.

एकटेपणाची पहिली रात्र. जास्तीची किल्ली मामींकडे दिली. कडी लावली. वाटलं, आत पडले तर कडीमुळे कुणाला येता येणार नाही. काढली. मग चोरांची भीती. लावली. तीनदा. पलंगावर तुमच्या बाजूला बाटली, टॉर्च, फोन मांडले आणि पाठीवर पडून राहिले. पिशवी भरताना एक गरम जाणीव होते, ती आता खरी होतेय की भीतीमुळे, ते कळेना. दर दहा मिनिटांनी हात लावून बघत होते. गजर ऐकू आला नाही तर? ऐकू आला आणि उठून चक्कर आली तर? दोनला फोन वाजला, पण गजर नव्हता.

"उठलीस का गे?" आक्का.

"तुम्ही जाग्या?"

"म्हातारीस झोंप कुठची? दोनास मी उठतेंच. जा, पाहून ये. मी धरून आहें."

मी मोरीत जाऊन आले. त्या फोन धरून होत्या. "किती?" "अर्धी." "बरें, नीज." त्या दिवसापासून दोनला फोन यायचा. ओरत्तनाडूहून, न चुकता. गजर लावायचं मी बंद केलं. हीसुद्धा चूक.

काल रात्री फोन आला नाही. आपोआप जाग आली तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. पिशवी दगडासारखी टणक, कड ताणलेली. अशा वेळी काय करायचं ते मला झोपेतही येतं: पाठीवर राहायचं, तळवा कडेवर दाबायचा, हळू उठायचं, मोरी. मी तसं केलं नाही. कुशीवर वळून आधी आक्कांना फोन लावला. पाच वेळा वाजला. सहा. तुमचा फोन असाच वाजत राहिला होता त्या दुपारी, पापनाशमला, बाकावर. आठव्याला त्यांनी उचलला.

"काय गे?"

"तुम्ही ठीक आहात ना?"

"डोळा लागला होता," त्या म्हणाल्या. लाजल्या असाव्यात. "तो गेल्यापासून पहिल्यानें लागला. तूं गेलीस का मोरींत?"

"नाही."

"मग मज काय म्हणून उठवितेस? जा आधीं!"

तोवर कड सुटली होती. चादर, मेणकापडाबाहेर गेलं तेवढी गादी, साडी. ज्या गोष्टीला मी इतके दिवस घाबरत होते ती झाली, आणि घरात कोणी नव्हतं. दिवा मीच लावला. जुनी चकती काढली, कातडी पुसली, कोरडी केली, नवी चिकटवून तळव्यानं दाबून धरली. पहिली वाकडी बसली, ती काढून दुसरी लावली. बाटलीतलं घोट घोट प्यायले. मग चादर घासायला बसले आणि तेव्हा रडले, मोठ्यानं, मामींना ऐकू जाईल इतकं. सगळं मिळून पाऊण तास लागला. गादीच्या कोरड्या बाजूला, म्हणजे तुमच्या बाजूला, पाचचा गजर लावून झोपले.

सकाळी चित्राचा फोन. "रात्र कशी गेली?"

"बरी" तोंडात तयार होतं.

"गळली," मी म्हटलं. "चादर, गादी, साडी. सगळं धुतलं, वाळत घातलंय. नवी चकती वाकडी बसली, म्हणून आणखी एक लावली."

"एकटीनं?"

"मग काय."

"घाबरलीस?"

"खूप. आठची वेळ आहे शाळेची, निघायचंय."

मला वाटलं, आता तिकिटाचं बोलेल. तिनं नाक पुसल्याचा आवाज आला. मग कामाच्या आवाजात, अगदी माझ्यासारखी: "म्हणजे दोन चकत्या वाया गेल्या. पुढच्या महिन्याचं खोकं आत्ताच मागवते. पत्ता कुठला घालू?"

"इथलाच."

ती खोकी नेहमी तुमच्या नावानं यायची. पोस्टमनला, मामींना, कुणालाच कळू नये म्हणून ते आपणच ठरवलं होतं. चित्रा थोडी अडखळली. "आणि नाव?"

मी म्हटलं, "माझं घाल."